माझ्याखाली वाकलेला माणूस

मित्रांनो, मी एक जुनी चटई आहे, सामोआ बेटावरची. अंथरायची नव्हे, मानाची! वाइओला नावाच्या बाईने केवड्याच्या पातीचे बारीक धागे काढून चार वर्षे मला विणले. एका कोपऱ्यात तिची वीण चुकली, ती तशीच राहिली. काठाला लाल पिसे लागली तेव्हा बायकांनी मला गावभर मिरवले. मग मी एका लग्नात आहेर म्हणून गेले, तिथून एका मयतीत. हात बदलत बदलत म्हाताऱ्या तुइलागीच्या पेटीत येऊन पडले. वीस वर्षे मला कुणी विचारले नाही.

परवा पेटी उघडली. तुइलागीच्या पुतण्याने, मालोने, भरधाव ट्रकखाली शेजारच्या गावचा एक मुलगा चिरडला होता.

"काका, मी पोलिसांत जातो," मालो रडत म्हणाला.

"जाशील रे. पण आधी इफो. आणि घरातला मोठा मी आहे, वाकायचं मी."

'इफो' म्हणजे खाली वाकणे. म्हातारे सांगतात, पूर्वी लढाईत हरलेले लोक सरपण आणि दगड घेऊन जिंकणाऱ्याच्या दारात वाकत. हवे तर आम्हाला भट्टीत भाजा, असा त्याचा अर्थ. त्यातूनच समेटाची ही रीत आली: अपराध्याच्या घरचा मोठा माणूस मानाची चटई पांघरून दुखावलेल्यांच्या दारात वाकतो. त्या घरच्यांनी चटई उचलली तर क्षमा. नाही उचलली तर काय, ते कुणी बोलत नाही.

उजाडताच तुइलागी गेलेल्या मुलाच्या दारासमोर गुडघे टेकून बसला. डोक्यावरून मी, शेजारी सरपण आणि दगड. घर पाहून माझा जीव गोठला. हे तर वाइओलाचे घर! गेलेला मुलगा तिचाच नातू होता. त्यांचीच चटई त्यांच्या दारात आणणे म्हणजे केवढा अपमान, आणि तुइलागीला बिचाऱ्याला पत्ताच नव्हता.

ऊन चढले. म्हाताऱ्याचा घाम माझ्यात मुरत होता. घरात कोयत्याला धार लावल्याचा आवाज येत होता. मग तो आवाज थांबला आणि मुलाचा बाप पोसाला कोयता घेऊन बाहेर आला. मागोमाग वाइओला आली. तिची बोटे माझ्या चुकलेल्या कोपऱ्यावर थांबली.

"ही माझी वीण आहे."

"आमचीच चटई आमच्या तोंडावर मारता होय? आई, बाजूला हो!"

"नाही होत. चार वर्षं डोळे फोडले मी हिच्यापायी. हिच्यावर रक्त सांडायचं नाही. ठेव तो कोयता."

पोसालाने कोयता उंबऱ्याशी टेकवला. मग त्याने मला उचलले. खाली तुइलागी अजून वाकलेलाच होता.

दुपारी मला मुलाच्या शवपेटीवर पसरले. पेटी एवढीशी होती, मी चारी बाजूंनी जमिनीवर लोळत होते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू जपा. पण त्याआधी एकमेकांना जपा, म्हणजे आम्हाला पेटीतून काढायची वेळ येणार नाही. चटई उचलली गेली, हे खरे. सरपण आणि दगड मात्र पोसालाने अजून अंगणातून हलवलेले नाहीत.