साहेबांकडे उरलेला शब्द

आवाज हीच साहेबांची इस्टेट होती. तरुणपणी ते बसवर कंडक्टर होते. खच्चून भरलेल्या गाडीत मागच्या दाराशी उभं राहून त्यांनी ‘पुढे सरका’ म्हटलं की ड्रायव्हरसुद्धा दचकून पुढे सरकायचा, असं त्यांचे जुने सोबती सांगत. संपाच्या दिवसांत डेपोच्या फाटकावर चढून त्यांनी पहिलं भाषण ठोकलं, त्या भाषणावर आमदार झाले आणि मग निवडून येतच राहिले. विरोधकांनी त्यांचं नाव ‘भोंगा’ ठेवलं होतं. साहेबांना ते इतकं आवडलं की प्रचाराच्या गाडीवर त्यांनी भोंग्याचंच चित्र काढून घेतलं.

काम केलं नाही असं त्यांचा शत्रूही म्हणाला नसता. अर्ध्या शहराला नळाचं पाणी त्यांच्यामुळे आलं, नदीवरचा पूल त्यांनी भांडून आणला. पुढे बांधकाम खात्याचे मंत्री झाले आणि नव्या रस्त्याच्या आड एक वस्ती आली. त्या वस्तीत त्यांची एकुलती एक मुलगी डॉक्टर म्हणून दवाखाना चालवायची.

पाडापाडीच्या सकाळी लेक बुलडोझरसमोर जाऊन बसली. अधिकाऱ्यांची पाचावर धारण बसली. साहेब स्वतः आले, पोलिसाच्या हातातला कर्णा घेतला आणि म्हणाले, “इथे कुणी कुणाची मुलगी नाही. उचला तिला.” दोन शिपायांनी तिला हातापायांना धरून उचललं. दुसऱ्या दिवशी पोटच्या पोरीचीही गय न करणारा मंत्री म्हणून पेपरात फोटो आला. साहेबांनी तो फ्रेम करून दिवाणखान्यात लावला.

लेकीने बोलणं टाकलं. पण बेघर झालेल्यांना जागा हव्या होत्या आणि जागांच्या चाव्या बापाच्या कार्यालयात होत्या. नाक मुठीत धरून ती परत आली. लोकांची गाऱ्हाणी ऐकता ऐकता अख्खा मतदारसंघ तीच सांभाळू लागली. वस्तीला जागा काही मिळाल्या नाहीत, पण तिला शब्द मिळाला. “माझ्यानंतर तूच,” साहेब म्हणायचे. आणि निवडणूक आली की, “यंदा एकदा मी उभा राहतो, मग तू.”

ते ‘मग’ आलं ते विधानसभेत. विरोधकांची पिसं काढता काढता साहेबांचं तोंड वाकडं झालं. दोनतीन आमदार हसले. त्यांना वाटलं, नक्कल करताहेत. मग साहेब बाकावर कलंडले.

जीव वाचला. उजवं अंग गेलं आणि भाषा गेली. समजायचं सगळं. कोण आलं, कोण खोटं बोलतंय, कुणाला काय हवंय, डोकं पूर्वीसारखंच लख्ख होतं. पण तोंड उघडलं की एकच शब्द पडायचा, “बरोबर.” पाणी हवं असलं तरी बरोबर, नको असलं तरी बरोबर. डाव्या हातात पेन दिलं तर कागदावर नुसत्या रेघोट्या.

“असं होतं,” बोलायला शिकवणारी बाई घरच्यांना म्हणाली. “एखादा सवयीचा शब्द तेवढा शिल्लक राहतो. तो खरा धरू नका. त्यांच्या डोळ्यांकडे बघत जा.”

हे ऐकायला लेक होती आणि साहेबांचा पुतण्या होता. पुतण्या रस्त्याची कंत्राटं घ्यायचा आणि काकांची गाडी चालवायचा. त्याने ‘तो खरा धरू नका’ एवढं सोडून बाकी सगळं लक्षात ठेवलं.

निवडणूक तोंडावर आली तेव्हा पक्षाध्यक्ष घरी आले. साहेबांना सदरा चढवून चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. कार्यकर्ते भिंतीला टेकून उभे होते.

“साहेब, तिकीट कुणाला द्यायचं ते तुम्हीच सांगा,” अध्यक्ष म्हणाले.

लेक पुढे झाली, गुडघ्यांवर बसली. “बाबा, मला शब्द दिला होता ना तुम्ही?”

“बरोबर,” साहेब म्हणाले. ते खरंच होतं.

अध्यक्ष मान डोलावणार तेवढ्यात पुतण्या खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला वाकला. “काका, पण ते तिचं मन राखायला. खरं म्हणजे मीच उभं राहायचं, असंच ना?”

साहेबांनी ओठ घट्ट मिटले. मान हलवायचा प्रयत्न केला. ती भलतीकडेच वळली. नाही, नाही, असं त्यांच्या डोक्यात भोंग्यासारखं वाजत होतं. ते सगळं घशाशी गोळा झालं, तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, “बरोबर! बरोबर!”

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले, अध्यक्षसुद्धा.

“त्यांच्या डोळ्यांकडे बघा!” लेक ओरडली.

“ताई, डोळ्यांवर तिकीट देता येत नाही गं,” अध्यक्ष म्हणाले. “एकदा बरोबर म्हणाले, ते तुला. दोनदा म्हणाले, ते याला.” आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन त्यांनी चहा मागवला.

लेक अपक्ष उभी राहिली. वस्तीतले लोक तिच्यामागे गेले, इस्पितळातल्या नर्सेस गेल्या, आणि पुतण्याला हार दिसू लागली. त्याने शेवटच्या सभेत काकांनाच मंचावर आणलं. मैदान भरलेलं होतं. माइक साहेबांच्या तोंडाशी बांधला होता.

“काका, मत मलाच द्यायचं ना?”

“बरोबर.” कर्ण्यांतून तो जुना आवाज घुमला आणि लोकांनी टाळ्या कुटल्या. किती तरी महिन्यांनी साहेबांच्या अंगावर काटा आला. टाळ्या त्यांना अजून आवडत होत्या, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

तेवढ्यात पाडलेल्या वस्तीतली एक बाई उभी राहिली. “साहेब, आमची घरं तुम्ही पाडलीत! आमच्या नावच्या जागा या पुतण्याच्या घशात घातल्यात! बरोबर ना?”

साहेबांनी डाव्या हाताने तोंड दाबून धरलं. पण कॅमेरे चालू होते. पुतण्याने हसत हसत तो हात धरला आणि खाली मांडीवर दाबून ठेवला.

“बरोबर,” साहेब म्हणाले.

मग एकच हशा उसळला. लोकांना खेळ सापडला.

“भोंग्या, तू चोर ना?”

“बरोबर.”

“पोरीला फरपटत नेलंस ना?”

“बरोबर.”

साहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, वाकड्या ओठांतून लाळ गळत होती. प्रश्न थांबत नव्हते आणि शब्दही थांबत नव्हता. पुतण्याचा चेहरा आधी पांढराफटक पडला. मग त्याने पाहिलं, पुढच्या रांगेतल्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. त्याने माइक ओढून घेतला.

“बघा माझ्या काकांचं काळीज! आजवर कुठल्या पुढाऱ्याने भर सभेत चूक कबूल केलीय? हे रडताहेत ते तुमच्यासाठी! त्यांनी पाडलेली घरं मी बांधून देणार!”

टाळ्या थांबता थांबेनात. ती चित्रफीत घरोघरी पोचली. पुतण्या दणदणीत निवडून आला, आणि निकालानंतरच्या आठवड्यात साहेबांना एका सुटकेससकट लेकीच्या दारात सोडून गेला. “ताई, आता तूच बघ,” म्हणाला. “मला दौरे असतात.”

लेकीच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत दवाखाना, मागे ती. साहेबांचा पलंग मधल्या दाराशी लावला. ती त्यांना वेळेवर औषध द्यायची, कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची. बोलायची मात्र नाही. रुग्ण बसल्या बसल्या साहेबांकडे वळून विचारत, “काय साहेब, आज फाशी घेणार ना?” पहिल्यांदा लेक त्यांच्यावर ओरडली. दुसऱ्यांदा तिने नुसतं वर पाहिलं. नंतर ती औषधाची चिठ्ठी लिहीत राहायची.

एका सकाळी दाराशी रुग्णवाहिका उभी राहिली. डोंगरापलीकडे अपंग म्हाताऱ्यांसाठी एक संस्था होती. दोघे ब्रदर स्ट्रेचर घेऊन आत आले.

लेकीने सुटकेस बंद केली. कधी नव्हे ती पलंगाच्या कडेला बसली. “बाबा,” ती म्हणाली. तिचा आवाज जरा हलला. “तुम्हाला इथंच राहायचंय का? माझ्याजवळ?”

साहेबांनी तिचं मनगट धरलं. जीव गोळा करून, नीट, स्पष्ट म्हणाले, “बरोबर.”

ती त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिली. बराच वेळ. तिला कळलं असावं, कारण तिचा चेहरा पार उतरला. मग तिने त्यांची बोटं एकेक करून मनगटावरून सोडवली.

“तुम्ही सगळ्यांनाच तसं म्हणता,” ती म्हणाली, आणि ब्रदरकडे वळली. “उचला त्यांना.”