अपमान नेमका कोणता

आमचे हे कॉलेजात साहित्य शिकवतात आणि घरातही वर्ग भरवतात. काही वर्षांपूर्वी शेजारच्या थोरल्या भावजींशी बिनसलं, तेव्हा दोन्ही स्वयंपाकघरांमधलं दार यांनी स्वतः विटा लावून बुजवलं. जन्मात कधी खिळा ठोकला नव्हता, पण राग आला की माणूस गवंडीही होतो. तेव्हापासून बोलणं बंद. आता भावजी घर विकून दूर जायला निघाले होते, रविवारी सामान हलणार होतं. एकदा ते गेले की ही भिंत कायमची, या विचाराने माझा जीव तुटत होता. यांच्यापुढे मात्र बोलायची सोय नव्हती.

पुतणीचं कुणाशीच भांडण नव्हतं. परीक्षा तोंडावर आली म्हणून ती यांच्याकडून धडा समजून घ्यायला पुढच्या दाराने आली आणि नेमकी त्याच भिंतीला टेकून बसली. धड्यात सुडाची जुनी भयकथा होती. एक सरदार मित्राला मेजवानीला बोलावतो, गोड बोलून मनोऱ्यात नेतो आणि बाहेरून कुलूप घालतो.

हे रंगात आले. मेजवानीत विझलेली मेणबत्ती म्हणजे पूर्वसूचना. "जिना जपून चढ" ही सरदाराची काळजी म्हणजे उपरोध. आणि गोष्ट सांगतो तोही सरदारच. मित्राने अपमान केला म्हणतो, पण कोणता ते शेवटपर्यंत सांगत नाही. लिहून घे, हे म्हणाले, ज्याला अपमान सांगता येत नाही पण शिक्षा बारकाईने सांगता येते, त्या निवेदकावर विश्वास ठेवायचा नसतो.

तिने लिहून घेतलं. मग विचारलं, "काका, बाबांनी तुमचा काय अपमान केला होता?"

भांडी विसळता विसळता माझा हात थांबला.

"दादा सगळ्यांसमोर मला हसला."

"कशावरून?"

यांनी चष्मा काढून पुसला. विटा कुठून आणल्या, सिमेंट किती लागलं, ते हे आजही धडाधड सांगतील. "आठवत नाही," शेवटी म्हणाले. इतका पडलेला आवाज मी यांचा कधी ऐकला नव्हता. मला रागही आला आणि कीवही.

हे उठले, माळ्यावरून हातोडा काढला आणि भिंतीवर घाव घातला. गिलाव्याचा ढलपा पडला. पलीकडे चाललेली सामानाची आवराआवर एकदम थांबली.

"दादा," हे भिंतीला तोंड लावून म्हणाले, "चुकलं माझं. जाऊ नकोस."

मग विटांमागून भावजींचा आवाज आला.

"थांब जरा. इकडे कपाट आहे, ते सरकवतो."