आठव्या मजल्याची चावी

रवळनाथ सोसायटीत सुगंधा परबला विचारल्याशिवाय कुणी जिन्यातली कुंडीसुद्धा हलवत नसे. मुलुंड पूर्वेची ही बारा मजल्यांची इमारत. घरं बहुतेक जुन्या गिरणी कामगारांची, म्हणजे कोकणातल्या माणसांची. गिरण्या गेल्या, चाळी गेल्या, आणि आयुष्यभर जमिनीला धरून राहिलेली माणसं म्हातारपणी एकदम आभाळात राहायला आली. सुगंधा सेक्रेटरी झाली ती कुणी निवडून दिलं म्हणून नव्हे. तिच्यासमोर उभं राहायची कुणाची छातीच नव्हती. बाई पन्नाशीची, ठेंगणी, पण आठव्या मजल्यावरून बोलली तर खाली वॉचमनच्या केबिनमध्ये ऐकू जायचं.

तिच्या कंबरेला चाव्यांचा जुडगा असायचा. पोरं-सुना कामाला गेल्या की घराघरात म्हातारी माणसं एकटी उरत. चाळीत चावी शेजारी ठेवायची पद्धत होती, तीच तिने इथे चालू ठेवली. फरक एवढाच की इथे सगळ्यांची शेजारीण ती एकटी. कुणाला दुपारचं औषध दे, कुणाचा गॅस बंद आहे का बघ, कुणी बाथरूममध्ये पडलं तर उचल. हे सगळं ती करायची, आणि केलेलं चारचौघांत सांगायचीही. त्यात तिला कमीपणा वाटत नसे.

जुडग्यातली लाल दोऱ्याची चावी काशीराम राण्यांची. ते तिच्या समोरच्याच दारात राहायचे. तीस वर्षं गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवलेला हा माणूस आता जेवलो की नाही हेही विसरायचा. एकदा पहाटे "पाळी चुकतली" म्हणून गिरणीत जायला घरातून निघाले ते संध्याकाळी भांडुपला एका रसवंतीच्या बाकड्यावर सापडले. तेव्हापासून त्यांचा मुलगा सर्वेश कामाला जाताना बाहेरचं लोखंडी जाळीचं दार लावून जायचा. त्याला आतूनही चावीच लागायची. एक चावी सर्वेशकडे, दुसरी सुगंधाकडे. म्हातारा दिवसभर जाळीला नाक लावून पॅसेजमध्ये बघत बसे, आणि सुगंधा दिसली की हसे. तिला ते हसू फार आवडायचं. स्वतःचा बाप तिच्या लहानपणीच गेला होता.

मे महिन्यात फायर ऑडिट करायला अक्षता आली. मढची कोळ्याची पोर, पायात जाड बूट, तोंडात स्पष्ट बोलणं. तिने तळघरापासून गच्चीपर्यंत सगळी इमारत पायांनी मोजली आणि खाली येऊन म्हणाली, "काकू, राग मानू नका, पण वाट लागलीय सगळी."

सुगंधाला राग आलाच. पण पोरीने दाखवलं ते खोटं नव्हतं. होज पाइपच्या पेटीत पाइपच्या जागी कुणीतरी झाडू ठेवलेले. पंप चालू केला तर नुसता घरघरला. जिन्यात चपलांची कपाटं, पाचव्या मजल्यावर तर चक्क बंद पडलेलं वॉशिंग मशीन. आग लागली तर माणसांनी जमावं म्हणून सातव्या मजल्यावर मोकळी ठेवलेली जागा नवरात्राच्या मंडपाच्या बांबूंनी आणि कापडांनी छतापर्यंत भरलेली. इमारतभर वायरी नेणारी जी उभी पोकळी असते, तिच्यात मजल्यामजल्याला भोकं उघडी.

"ही भोकं बुजवा," अक्षता म्हणाली. "खाली धूर झाला तर इथून वर चढेल, चिमणीसारखा."

सुगंधाने पदर खोचला. तिचं एक होतं, चूक दाखवली की आधी भांडायची आणि मग दुप्पट काम करायची. महिन्याभरात जिना मोकळा झाला. वॉशिंग मशीनवालीशी असं भांडण झालं की त्या बाईने अजून तिच्याशी बोलणं सुरू केलेलं नाही. मंडपाचं सामान गेलं, पंपाला पाणी आलं. भोकं बुजवायचं काम तेवढं अर्धं झालं, कारण ठेकेदार सहाव्या मजल्यापर्यंत करून जो गेला तो आलाच नाही.

पण एका गोष्टीवर दोघींचं जुळलं नाही. अक्षताने विचारलं होतं, "आत बंद असलेली, चालता न येणारी माणसं किती? आणि वेळ आली तर दार कोण उघडणार?"

सुगंधाने कंबरेचा जुडगा वाजवून दाखवला.

"आणि तुम्ही नसलात तर?"

"मी कुठे जाते?"

"अहो काकू, कुठेही. बाजारात, बँकेत. एकेक जादा चावी खाली वॉचमनच्या केबिनमध्ये काचेच्या पेटीत ठेवा. वेळ पडली की काच फोडायची. चावी माणसाकडे नको, जागेवर असू दे."

"वॉचमनकडे?" सुगंधाचा आवाज चढला. वॉचमन तुळशीदास चार हातांवर उभा होता, याचं तिला भान राहिलं नाही, आणि राहिलं असतं तरी ती थांबली नसती. "म्हाताऱ्या बायका गळ्यात सोनं घालून झोपतात अगं. आज हा वॉचमन, उद्या दुसरा. चोरी झाली तर तू येणार का उत्तर द्यायला?"

तुळशीदास मानखुर्दहून यायचा. वर्षभर इथे होता, कधी कुणाची पिशवी उचलून दिल्याशिवाय राहिला नव्हता. तो मान खाली घालून गेटकडे गेला.

जुलैत सराव झाला. भोंगा वाजला, आणि सुगंधा जुडगा घेऊन अशी सुटली की पोरंसोरं टाळ्या वाजवायला लागली. म्हातारी माणसं जिन्यावरून उतरली, दोघींना खुर्चीत बसवून आणलं. काशीरामांचं दार तिने एका झटक्यात उघडलं. "काय गो, गावाक जावचा आसा?" म्हणत ते आनंदाने तिचा हात धरून खाली आले. सराव झकास झाला. अक्षतानेही मान्य केलं. पेटीचा विषय मात्र तिने पुन्हा काढला, आणि सुगंधाने पुन्हा उडवून लावला.

मग गणपती आले.

गणपतीत रवळनाथ सोसायटी रिकामी होते. कोकणातला माणूस नोकरी सोडेल पण गणपती सोडणार नाही, हे कुणाला शिकवावं लागत नाही. सुगंधाही दरवर्षी नवऱ्याबरोबर कणकवलीजवळच्या गावी जायची. हे काही कुठे जाणं नव्हतं, हे तर घरी जाणं होतं. म्हणूनच अक्षताने विचारलं तेव्हा तिला ते आठवलंही नाही. ज्यांचे म्हातारे बरोबर निघाले त्यांच्या चाव्यांचा प्रश्नच नव्हता. सर्वेशला काशीरामांना एवढ्या लांब नेणं जमणार नव्हतं, म्हणून तो मुंबईतच थांबला. गणपतीत कोकणी माणूस थांबला म्हणजे घरीच बसणार, असं सुगंधा धरून चालली. सर्वेशच्या अंधेरीतल्या गोदामाला मात्र गणपतीशी काही देणंघेणं नव्हतं. सणाच्या गर्दीत त्यांनी रजाच बंद केल्या होत्या. सर्वेश धरून चालला की सुगंधाकाकी चावी कुणाकडे तरी देऊन गेली असेल, ती काय असं विसरणारी बाई आहे? कुणीच कुणाला विचारलं नाही.

चतुर्थीच्या दुपारी गावच्या घरात आरती झाली होती, पानं वाढायची तयारी चालली होती. सुगंधा मोदकांचा टोप उचलत होती तेवढ्यात फोन वाजला. गावात रेंज नावाची वस्तू नाही, पण नेमका तेव्हा फोन लागला.

"ताई, तुळशीदास बोलतोय. सहाव्या मजल्यावर वायरी पेटल्यात. वर सगळा धूर झालाय. बंबाला फोन केला. बाकीचे लोक खाली आणले, राणेकाका आत आहेत, दार बंद आहे."

"सर्वेश कुठाय?"

"कामावर. तो निघालाय अंधेरीहून. ताई, चावी कुणाकडे दिलीय?"

"अरे, असेल ना कुणाकडे. तिसऱ्या मजल्यावर माणिककडे बघ. नाहीतर दहाव्यावर..." ती सांगत सुटली, आणि सांगता सांगताच तिचा हात कंबरेकडे गेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. लाल दोऱ्याची चावी तिच्या बोटांत होती. टोप कधी खाली ठेवला ते तिला कळलं नाही.

"तुळशीदास," ती म्हणाली, "चावी माझ्याकडे आहे."

तिकडे क्षणभर नुसता खोकला ऐकू आला. मग तो म्हणाला, "बरं. पहार घेऊन वर आलोय. मारतो."

दारावर पहारीचे घाव ऐकू येऊ लागले. हे दार सुगंधानेच पसंत केलं होतं, सगळ्या मजल्यांना एकसारखं, मजबूत, चोराला दाद न देणारं. ती फोनमध्ये ओरडत होती, बिजागरीवर मार, त्यांना खिडकीकडे जायला सांग, आतलं लाकडी दार लावायला सांग. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशी. तुळशीदास खोकत खोकत आत ओरडत होता, "काका, खिडकीकडे जा! धुरात थांबू नका, मागे व्हा!"

आणि मग तिला काशीरामांचा आवाज ऐकू आला. घाबरलेला नव्हता. जाळीला लागूनच उभे असणार ते, नेहमीसारखे.

"कशाक मारतंस रे दाराक? सुगंधा येतली. चावी तिच्याकडे आसा."

फोन तुटला.

सुगंधा अनवाणी देवळाच्या टेकाडावर धावली, कारण रेंज तिथेच मिळते. नवरा श्यामसुंदर मागून चपला घेऊन आला. ती फोन लावत राहिली, कुणी उचलत नव्हतं. तिला देवाचं नाव घ्यायचंही सुचलं नाही. जुडगा तिने इतका घट्ट धरला होता की तळहातावर दात्यांचे वळ उठले. शेवटी सर्वेशचा निरोप आला, दोनच शब्दांचा. "बाबा बाहेर." ती तिथेच पायरीवर बसून हमसाहमशी रडली.

बाकीचं सगळं नंतर कळलं. बंब लवकर पोचला, जिना मोकळा होता म्हणून जवान सरळ वर गेले, पंपाला पाणी होतं म्हणून आग सहाव्यावरच विझली. दार त्यांनी चौकटीतून उखडून काढलं. तोवर तुळशीदास तिथून हलला नव्हता. पहारीने दार निघेना तेव्हा त्याने शर्ट पाण्यात भिजवून जाळीतून म्हाताऱ्याच्या तोंडाशी धरून ठेवला. स्वतःच्या तोंडावर धरायला त्याच्याकडे काही नव्हतं.

त्यांचा गणपती पाच दिवसांचा. सुगंधा दुसऱ्या दिवशी सकाळीच बॅग घेऊन निघाली. सासूने दारात अडवलं. "देवाक बसवन तू खंय चललंस?"

"देवाक बघूक तुमी सगळी आसास," सुगंधा म्हणाली. "थंय कोण आसा?"

मुंबईत उतरून ती आधी हॉस्पिटलात गेली. काशीरामांना एक रात्र ठेवून घरी सोडलं होतं. तुळशीदास अजून तिथेच होता, नाकाला नळी, डोळे लालभडक. त्याची बायको भाविका पायाशी बसली होती. ती सुगंधाला ओळखत नव्हती. सुगंधाने कंबरेचा जुडगा सोडला आणि त्याच्या उशाशी ठेवला.

"मी तुला चोर म्हटलं होतं," ती म्हणाली. "तुझ्यासमोर. हे आता तुझ्याकडे राहू दे."

तुळशीदासने जुडग्याकडे बघितलं. बोलायला त्याला त्रास होत होता.

"नको ताई. मी पण गावाला जातो." जरा दम घेऊन तो म्हणाला, "त्या मॅडमची पेटी लावा."

तिने जुडगा परत उचलला आणि तिथूनच अक्षताला फोन केला. सरावाचं कौतुक, पेटीवरून झालेली भांडणं, काहीच काढलं नाही. पेटी कुठे मिळते एवढंच विचारलं, आणि राहिलेली भोकं बुजवायला दुसरा ठेकेदार कुठला ते विचारलं. अक्षतानेही जास्त काही विचारलं नाही. "उद्या येते," म्हणाली.

आठव्या मजल्यावर भिंती काळ्या झाल्या होत्या. उखडलेलं जाळीचं दार पॅसेजमध्ये भिंतीला टेकवून ठेवलं होतं. बिजागऱ्या वाकलेल्या, पत्र्यावर पहारीचे खड्डे, पण कुलूप शाबूत होतं आणि त्याची जीभ अजून बाहेर होती. सुगंधा त्याच्यासमोर उभी राहिली. तिने लाल दोऱ्याची चावी काढली आणि कुलपात घालून फिरवली. चावी अलगद फिरली. जीभ आत गेली.

आत लाकडी दार सताड उघडं होतं. सर्वेश औषधं आणायला खाली गेला होता. काशीराम खुर्चीत बसले होते. तिला बघितल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"इलंस? मी सांगलंय त्येका, सुगंधा येतली म्हणान."

तिने त्यांना पाणी दिलं, चादर सारखी केली, जरा वेळ उगाच घरात इकडेतिकडे केलं. मग आपल्या घराचं दार उघडावं म्हणून ती बाहेर निघाली.

"गो चेडवा," काशीरामांनी लेकीला मारावी तशी मागून हाक मारली. "जाताना कुलूप घालून जा. नायतर मी खंय तरी जायन."

सुगंधा वळली. जाळीच्या दाराच्या जागी नुसती चौकट होती. ती परत आली आणि पदर सावरून त्या उंबऱ्यावरच बसली.

"मी हयच आसंय, काकानू," ती म्हणाली.

सर्वेश वर येईपर्यंत ती तिथून उठली नाही.