आतून लावलेले दार

बाळकृष्णने दाराच्या दोन फळ्यांमधल्या फटीत पोलादी पट्टी सारली आणि हळूच वर सरकवली. थोडी वर जाऊन ती अडली. त्याने पट्टी बाहेर काढली, पुसली, पुन्हा घातली. पुन्हा तिथेच अडली. काल संध्याकाळी त्याने स्वतः काढून ठेवलेला अडसर आज परत आपल्या खोबणीत जाऊन बसला होता.

“काय झालं, मेस्त्री?” मागून धनंजयने विचारले.

“आतून लावलाय.”

धनंजय हसला. पुण्याचा तरणा इंजिनिअर, मनाने वाईट नव्हता. “झोपेत येऊन तुम्हीच लावता की काय? वय झालं तुमचं.”

पहिल्या दिवशी बाळकृष्णलाही तसेच वाटले होते.

आखातात, रुस्ताकच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी हे जुने गाव होते. मातीचे दोन बुरूज, बुटकी मशीद, मधून वाहणारा फलजचा, म्हणजे डोंगरातून आणलेल्या पाण्याचा पाट आणि त्याच्या काठाने मातीची पडकी दुमजली घरे. माणसे कधीच ओढ्यापलीकडच्या सिमेंटच्या घरांत राहायला गेली होती. आता पाहुण्यांना दाखवण्यासाठी गावाची डागडुजी चालली होती. बुरुजाला नव्याने गिलावा झाला होता, मशिदीचे छत झाले होते. उरले होते ते हे दार. गावातले सर्वांत मोठे, कोरीव कामाचे. ते उतरवून बुरुजाच्या कमानीत बसवायचे होते, म्हणजे येणाऱ्याची पहिली नजर त्यावर पडेल. मात्र त्याला करवत लावायची नाही, अशी सक्त ताकीद होती.

“दार हललं की तुमची सुट्टी हलली,” धनंजयने सांगून ठेवले होते.

सुट्टीसाठी बाळकृष्णचा जीव टांगणीला लागला होता. कुडाळजवळच्या गावी त्याची एकुलती लेक पूर्वा बाळंतपणाला आली होती. पहिली खेप, त्यात डॉक्टरने तिला अंथरुणातून उठायला बंदी केलेली. बायको फोनवर बाकी सगळे सांगून झाले की शेवटी एवढेच विचारायची, “तुमी येतलात मां?” परवा फोन पूर्वाने घेतला होता. नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला.

दाराला बिजागऱ्या नव्हत्या. फळीचीच गोल टोके दगडाच्या खळग्यांत फिरत, आणि इतक्या वर्षांत ती घट्ट धरली होती. म्हणून बाळकृष्ण मागच्या बाजूने शिडी लावून गच्चीवर चढे, पडक्या जिन्याने आत उतरे, अडसर काढी, खळग्यांत तेल सोडी आणि रात्रभर मुरायला ठेवून आल्या वाटेने परत जाई. सकाळी पाहावे तर अडसर जागच्या जागी, आणि तो पुन्हा काढला तरी फळ्या हलत नसत. एकदा त्याने तो उचलून आतल्या खोलीत नेला आणि वर छताचे पडलेले वासे रचले. सकाळी वासे तसेच रचलेले होते. अडसर दाराला होता. जमिनीवरच्या धुळीत जाणारी-येणारी पावले फक्त त्याची स्वतःची होती.

आणि घरात शिळेपणाचा वास नव्हता. चूल नुकतीच विझवल्यासारखा वास होता. हे त्याने धनंजयला सांगितले नाही.

काम सुरू करताना त्याने उंबऱ्याशी नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले होते. गावाकडे ओसाड जागेला हात लावण्याआधी तिथल्या राखणदाराला सांगतात, तसे. कुणाच्या कानावर पडू नये म्हणून ओठांतल्या ओठांत तो म्हणाला होता, “बा राखणदारा म्हाराजा, पोटासाठी हय इलंव. हात लावतंव तो मोडूक न्हय. काय चुकला तर पदरात घी.” एवढे करूनही जागा का रुसली, ते त्याला कळेना.

दुपारी तो मजीदकडे गेला. मजीद गावचा पहारेकरी, आणि ते घर त्याच्याच वाडवडिलांचे. तो फलजच्या पाटात पाय सोडून बसला होता. अडसर तूच लावतोस का, असे बाळकृष्णने आपल्या मोडक्या हिंदीत सरळ विचारले. मजीदने पायघोळ दिशदाशा वर करून सुजलेला गुडघा दाखवला. या पायाने शिडी चढायची? मग कपात काहवा, बिनदुधाची कॉफी, ओतून त्याने स्वतःहून सांगितले, की गाव सोडताना सगळ्यांनी दारांना बाहेरून कुलपे घातली, पण त्याच्या आईने घातले नाही. तिने आतून अडसर लावला आणि ती गच्चीवरून, लहानग्या मजीदला पाठीशी बांधून, शिडीने खाली उतरली. बाहेरून कुलूप पडले की घराला कळते, मग ते खचते, असे ती म्हणे. बाकीची घरे बसली. हे उभे राहिले.

“आई कधी गेली?” बाळकृष्णने विचारले.

“गेली? घरी आहे. दोन वर्षं खाटेवर आहे.”

बाळकृष्णच्या हातातला कप तसाच राहिला. आता त्याला चूक कळली. राखणदाराला सांगायचे ते मालक नसलेल्या जागेत. मालकीण जिवंत असताना तिला न विचारता त्याने भलत्यालाच गाऱ्हाणे घातले होते.

ओढ्यापलीकडच्या घरात मजीदची आई सफिया खिडकीशी खाटेवर पडून होती. वाळक्या शेंगेसारखी झालेली, डोळ्यांवर मोतीबिंदूची साय. मजीदने तिच्या कानाशी तोंड नेऊन सगळे सांगितले. बाळकृष्ण चप्पल बाहेर काढून दाराशीच उभा राहिला. दार नेऊ का, असे त्याने विचारले, आणि आपल्याला ते का न्यायचे आहे हेही लपवले नाही. लेकीचे नाव सांगितले.

म्हातारीने काही विचारले.

“पहिलंच मूल का, म्हणते,” मजीद म्हणाला.

“पहिलंच.”

ती पुन्हा बोलली. मजीद थोडा घुटमळला.

“म्हणते, माझी सगळी मुलं त्याच दाराआड झाली. ने म्हणते. पण ज्याने आतून लावलं, त्यानेच आतून काढायचं असतं.” तो ओशाळून हसला. “वय झालंय, मेस्त्री. मनावर घेऊ नकोस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळकृष्ण पट्टी घेऊन गल्लीत वळला आणि थांबला. दार सताड उघडे होते. अडसर आत भिंतीशी नीट टेकवलेला होता, बाईमाणूस केरसुणी ठेवते तसा. त्याने फळीला बोट लावले. ती आवाज न करता फिरली.

धनंजयने टाळी वाजवली. “बघा, तेल मुरलं!” माणसे आली, टेम्पो आला, ऊन चढण्याआधी दार कमानीपाशी पोचलेही. तिथेच उभे राहून धनंजयने बाळकृष्णच्या तिकिटासाठी फोन लावला.

मजीद कामावर आला नव्हता. दार नेल्याचे सांगायला म्हणून बाळकृष्ण ओढा ओलांडून त्याच्या घरी गेला.

फरशी पुसून लख्ख होती. सफिया झोपली होती, तोंड अर्धवट उघडे, श्वास संथ. मजीद खाटेशी दुखऱ्या गुडघ्यावरच बसला होता. त्याच्यापुढे घमेले होते आणि तो आईचे पाय धूत होता. घमेल्यातले पाणी गढूळ तांबूस झाले होते, जुन्या भिंतींच्या मातीच्या रंगाचे.

त्याने मान वर केली. दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

“माती अजून निघतेच आहे,” मजीद हळूच म्हणाला.

बाळकृष्णने पुढे होऊन घमेले उचलले. अंगणातल्या लिंबाच्या बुंध्याशी पाणी ओतले, नळाखाली घमेले विसळले, भरले आणि आत आणून ठेवले. मग तो उंबऱ्याबाहेर येऊन बसला. पाणी बदलायचे झाले तर मजीदला हाक मारावी लागू नये म्हणून.