तोंड दाराकडे

सकाळी सातपासून मी एक लाल कापड हवेत उडवत होतो. फोटोवालीने "तीन" म्हटलं की बायकोच्या पाठीवरच्या केपचं टोक धरून जोरात वर फेकायचं आणि बेडकासारखी उडी मारून फोटोच्या बाहेर पळायचं, एवढंच माझं काम. पन्नाशीच्या माणसाने असं शंभर वेळा केलं की त्याला स्वतःची कीव यायला लागते. मला तर अकराव्या वेळीच आली होती.

बायको एरवी दातांच्या दवाखान्यात बसून पेशंटना नंबर देते. आज ती राखवाली होती, म्हणजे तिच्या लाडक्या व्हिडिओ गेममधली, जळालेल्या शहराची राखण करणारी बाई. राखाडी विग, पांढऱ्या भुवया, गालावर काजळीचे पट्टे आणि एका खांद्यावर भलंमोठं चिलखत. गेमला दहा वर्षं झाली म्हणून कंपनी नवं पोस्टर काढणार होती आणि त्यासाठी अशा नटलेल्या माणसांचे फोटो मागवले होते. संध्याकाळपर्यंत पाठवायचे, आणि निघाला तसाच फोटो, मागाहून काही खाडाखोड चालणार नाही. "यंदा झालं तर झालं," बायको म्हणाली होती. "नाहीतर विग पेटीत. गुडघा आता ऐकत नाही." बारा वर्षं तिला हे सोंगं घेऊन नटायचं वेड आहे आणि आजवर कुणी तिला एकदाही निवडलेलं नाही.

चिलखत मी केलेलं. सव्वीस वर्षं मी रबरी शिक्के केले. मग लोकांना शिक्के लागेनासे झाले, मालकांनी दुकानाला कुलूप लावलं आणि मी चार महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. एक दिवस बायकोने व्यायामाची एक जाड फोमची चटई आणून माझ्या उशाशी टाकली. "एवढं चिलखत करून द्या हो. मला नाही जमत." मी कुरकुरतच उठलो, गेम मध्येच थांबवून पडद्यावरचं चित्र कागदावर उतरवून घेतलं आणि कामाला लागलो. फोम तापवताना बोटं भाजली, पण चिलखत असं झालं की लोखंडवाल्यानेही हात लावून बघावं.

आणि आता ही बाई माझं ऐकत नव्हती. स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली, एका टोकाला खिडकी, दुसऱ्या टोकाला दार. बायको दर वेळी दाराकडे तोंड करून उभी राहायची. म्हणजे उजवा पाय पुढे खोक्यावर, आणि दुखरा गुडघा नेमका उजवाच.

"अगं, खिडकीकडे वळ की! चांगला पाय पुढे येईल, तोंडावर उजेडही येईल."

"इथेच बरं आहे."

"काय बरं आहे? पाय लटलट कापतोय तुझा."

"तुम्ही केप बघा," ती म्हणाली.

हट्टीपणाला काही औषध नसतं. मी केप बघितली.

दुपारी बायको गरम पाण्याची पिशवी गुडघ्यावर घेऊन जिन्यात बसली. फोटोवाली तिची मावसबहीण, तिने मला लॅपटॉपवर गेमची जुनी पोस्टरं दाखवली. "भावोजी, शेवटी ही पोझ घेऊ या."

मी बघत राहिलो. चिलखत डाव्या खांद्यावर होतं. दुसऱ्या पोस्टरवरही डाव्याच. सगळीकडे डाव्याच. आणि मी केलेलं, उजव्या खांद्याचं!

मग डोक्यात प्रकाश पडला. गेममध्ये राखवाली उजवीकडून डावीकडे वळली की ते लोक तिचं नवं चित्र काढत नाहीत, आहे तेच आरशासारखं उलटवतात. चिलखत या खांद्यावरून त्या खांद्यावर जातं. मी नेमकी तेव्हाच गेम थांबवली होती. सव्वीस वर्षं उलटी अक्षरं कोरली, एक वेलांटी चुकली नाही, आणि घरच्या कामात ही माती खाल्ली.

मी उतरवलेल्या त्या चित्रात राखवालीचं तोंड डावीकडे होतं. या खोलीत कॅमेऱ्याच्या डावीकडे दार. दाराकडे तोंड असेल तरच माझं चिलखत गेममधल्यासारखं, बरोबर दिसत होतं. मी जिन्याकडे बघितलं. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

ती लंगडत आत आली. खिडकीत सोन्यासारखं ऊन आलं होतं. फोटोवाली म्हणाली, "ताई, आता मात्र खिडकीकडे वळ. एकच."

"नको," मी म्हणालो. "दाराकडेच."

"अहो भावोजी, सकाळपासून तुम्हीच तर डोकं खाताय!"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी चिलखताचा पट्टा आवळायच्या निमित्ताने जवळ गेलो.

"कधी कळलं?" तिने हळूच विचारलं.

"आत्ता. तुला?"

"पहिल्यांदा घालून बघितलं तेव्हाच."

"मग तोंडात काय गुळणी धरली होतीस? दुसरं केलं असतं मी!"

"केलं असतंत?" ती म्हणाली. "की परत भिंतीकडे तोंड केलं असतंत? शिट्टी वाजवत होतात हो तुम्ही त्या दिवशी. किती महिन्यांनी."

पट्टा आधीच आवळलेला होता, तरी मी आवळत राहिलो.

"ताई, ऊन चाललं," फोटोवाली म्हणाली.

बायकोने उजवा पाय खोक्यावर ठेवला. पाय कापायला लागला. एक, दोन, तीन. मी केप वर फेकली, पण या वेळी पळालो नाही. केप खाली यायच्या आत तिच्या मांडीखाली घुसलो आणि पायाचा भार खांद्यावर घेतला. केप माझ्या अंगावरून पसरली. आत अंधार होता, डिंकाचा वास होता. तिचा पाय थोडा वेळ कापला आणि मग थांबला.

"सुरेख!" फोटोवाली बाहेरून ओरडली. "ताई, हसू नको, राखवाली हसत नाही. आणि भावोजी, तुमचा बूट दिसतोय."

मी पाय आत ओढला.