लेकरं कुणी मोजतं का?

रविवारी न्याहारीच्या वक्ताला सुगंधाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, आणि ती कशापायी, तर एका घड्याळापायी. गुलाबी पट्ट्याचं घड्याळ. वेळ बरोबर दाखवील तर शपथ, पण पोरगी कुठं आहे ते मात्र बापाच्या मोबाईलवर बिनचूक दाखवायचं.

पोरगी म्हणजे तिची नात रुपाली, पाचवीतली. बाप म्हणजे सुगंधाबाईचा एकुलता एक लेक रामकिशन. ताडकळसच्या बाजारात त्याचं मोबाईलचं दुकान. झालं होतं एवढंच, की रुपाली कधीची आजीच्या मागं लागली होती, "आजी, मला एकटीला मेंढरं न्यू दे की ओढ्यापोतर." आजीनं तिच्या हातात काठी दिली, फडक्यात भाकरी बांधून दिली. "जा माय, पोटभर हुंदडून ये," म्हणाली. पोरगी ओढ्याच्या काठाला टेकली न टेकली, तोच मोटारसायकल फटफटत आली. रामकिशननं लेकीला उचलून मागं बसवलं आणि मेंढरं तिथंच टाकून घरी आणलं. म्हाताऱ्या येडबाला, म्हणजे पोरीच्या आज्याला, पळत जाऊन ती वळून आणावी लागली.

मेंढरं वाघरीच्या जाळीत शिरली, आणि सुगंधाबाईच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"पोरगी हाय का आरोपी रे ती? शाळा गल्लीच्या तोंडाला, तर तिथं जायला दारात गाडी. बोरीवर चढायचं न्हाई, पाण्यात उतरायचं न्हाई, चिखलात पाय घालायचा न्हाई. आरं, खुंट्याच्या शेळीचा बी दोर जरा लांब सोडतेत!"

"माय, जमाना बदललाय."

"जमाना कामून बदलंल? तुमी भेकड झालात. आमी सकाळी भाकर बांधून निघायचो ते दिवेलागणीला घरी. मोहोळं झोडली, नदीच्या वाळूत लोळलो, चुडाव्याच्या ठेसनावर उगंच रेल्वे बघत बसलो. कोण इचारत होतं? सांजच्याला मेंढरं मोजायचे. लेकरं कुणी मोजतं का? भूक लागली की येतेत आपसूक!"

रुपाली ओट्याच्या कडेला बसून घड्याळाचा पट्टा ओढत होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी बघून सुगंधाबाई आणखीच पेटली. मग तिनं आपलं हुकमाचं पान काढलं. गावात असं एक लग्न, एक बारसं झालं नसेल, जिथं तिनं ही गोष्ट सांगितली नाही.

"आन तू? तू काय होतास? रुपालीपेक्षा बी ल्हान. आपला मेंढरांचा वाडा देवगाव फाट्याकडं निघाला, घोड्यावर बिऱ्हाड लादलं, आन हे ध्यान जुन्या मुक्कामावरच राहिलं. पर भ्यालं का? रडलं का? एकटं वाट इचारीत इचारीत फाट्याच्या पल्याड आलं, दोन भाकरी हाणल्या आन घोरायला लागलं! वाघ होता माझा. ह्याच वाघाच्या पोटी हे घड्याळ आलं."

एरवी या जागी सगळे हसायचे. रामकिशनसुद्धा मान खाली घालून हसल्यासारखं करायचा. आज तो हसला नाही.

"मला ताप होता माय," तो म्हणाला. "बाभळीखाली पडलो होतो. उठलो तर वाघर न्हाई, घोडं न्हाई, कुत्रं बी न्हाई. निस्ती लेंड्याची जागा."

"मग आलास का न्हाई?"

"आलो. दिवसभर चाललो. अन् एकटा न्हाई आलो. दिवस बुडता बुडता समोरून बा येताना दिसला. मी पळत गेलो. मला वाटलं, मला न्यायला आला." त्यानं बापाकडं बघितलं. "बा म्हनला, कानतुटकी मेंढी दिसली का रं वाटंत? मोजल्यावर एक मेंढी कमी भरली होती माय. तिच्यासाठी आला होता त्यो. मंग आमी दोघांनी मेंढी हुडकली. त्यानं ती खांद्यावर घेतली आन भराभरा पुढं निघाला. मी मागं पडलो. म्हणून तुला एकटा दिसलो. आलो तवा तू काय म्हनलीस, ठाऊक हाय? कुठं उंडगत होतास, पाणी आन. मी राहिलोय, ह्येच तुला ठाऊक नव्हतं."

सुगंधाबाईला पाणी आण म्हटलेलं आठवत नव्हतं. पण म्हटलं असणार, हे तिला पक्कं कळलं. ती नवऱ्याकडं वळली. "खरं का हो हे?"

येडबानं काठीचं टोक मातीत फिरवलं. "गाभण होती ती मेंढी," तो म्हणाला.

"आग लागो तुमच्या मेंढीला!" सुगंधाबाई अशी ओरडली, की जाळीतली मेंढरं बुजून एका कोपऱ्यात गेली. "अन् तू रे? इतकी वर्सं मी चारचौघांत वाघ वाघ करते, तवा तुझी जीभ झडली होती? मला मुकाट नाचू दिलंस!"

"तुला लय आवडायची ती गोष्ट," रामकिशन म्हणाला.

तिनं पदरानं तोंड पुसलं, नाक पुसलं, आणि रामकिशनला वाटलं, आता ही गप्प होईल. पण गप्प होईल ती सुगंधाबाई कसली!

"आमी चुकलो. तुझा बाप चुकला, मी चुकले. पायताण काढ आन हाण आमाला. पर दंड पोरीला कामून? तुला कुणी बघितलं न्हाई, म्हणून तिच्याकडं डोळा लावून बसायचं व्हय? राहिला तू होतास. ती न्हाई राहिलेली. तिला जायचंय, रामा, आन ती परत येणार हाय, आन वाटंला मी उभी राहणार हाय."

रामकिशन लेकीजवळ गेला, घड्याळ सोडलं आणि आपल्या खिशात टाकलं. त्या दिवशी दुकान काही उघडलं नाही.

दुपार कलल्यावर रुपाली मेंढरं घेऊन गेली. रामकिशननं दहादा मोबाईल काढला आणि दहादा खिशात ठेवला. सुगंधाबाई बोलल्याप्रमाणं वाटेच्या तोंडाशी उभी. दिवस मावळायला आला तशी धूळ दिसली, मग पोरीची हाळी ऐकू आली. भिजलेला झगा, गुडघा खरचटलेला, आणि तोंडावर असं हसू, की बापाला बघवेना.

येडबा वाघरीच्या तोंडाशी वाकून बसला. रोजच्यासारखा एकेका पाठीला काठी लावून मोजू लागला. शेवटचं कोकरू आत गेलं, त्याच्यामागं रुपाली. येडबानं काठी खाली घेतली.

"मोजा की तिला!" सुगंधाबाई खेकसली.

येडबानं रुपालीच्या पाठीला काठी लावली, आकडा पुटपुटला आणि उठायला लागला.

"बसा खाली." सुगंधाबाईनं रामकिशनचं मनगट धरलं. कानशिलावरचे केस पिकलेल्या, इस्त्रीच्या पँटीतल्या त्या बाप्याला तिनं ओढत वाघरीच्या तोंडाशी आणून उभं केलं. "वाक," म्हणाली. तो वाकला.

"ह्याला बी मोजा," ती नवऱ्याला म्हणाली. "कवाचा राहिलाय."