तीनच तिकिटं

आम्ही चौघं नाटकाला निघालो होतो. मुलगा गाडी चालवत होता, शेजारी हे, मागे मी आणि सून. दीड वर्षाचा नातू माझ्या मांडीवर झोपला होता. त्याला आळीपाळीने घेऊ, म्हणजे या वयात का होईना, निदान अर्धं तरी नाटक पदरात पडेल, म्हणून मी सकाळपासून खुशीत होते.

गाव सुटतंय न सुटतंय तोच ह्यांनी त्या जुन्या नाटकाचा विषय काढला.

"डॉक्टर म्हाताऱ्याला म्हणतो, 'आधी टोपी काढा, मग मरा!'" आणि स्वतःच मांडीवर थाप मारून हसले.

एकतीस वर्षं हे वाक्य माझं डोकं खातंय. जेवायला हाक मारावी, तर पेपरातून मान वर न करता, "आधी टोपी काढा!" भाजी करपली, टोपी काढा. नळ गेला, टोपी काढा. सगळे खो-खो हसणार आणि मी हातात डाव घेऊन उभी. मेलं त्यात हसण्यासारखं काय आहे, ते मला आजवर कळलेलं नाही.

"आणि ही!" हे मागे वळून सुनेला म्हणाले. "हसून हसून हिच्या डोळ्यांत पाणी!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी आत नव्हतेच," मी म्हणाले.

"काहीतरीच काय! माझ्या शेजारी होतीस की!"

होते ना. पाच मिनिटं. पडदा उघडला आणि पोरानं भोकाड पसरलं. पुढच्या बाईने वळून बघितलं, तशी ह्यांनी मला कोपराने ढोसलं, "बाहेर ने." मग अडीच तास मी थिएटरच्या व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीपासून जिन्यापर्यंत, जिन्यापासून टाकीपर्यंत. खांदा भिजलेला, पायांचे तुकडे पडलेले. आत हशा उसळला की पोर दचकायचं आणि पुन्हा सूर लावायचं. मध्यंतरात हे आले, चहा प्यायले, "मजा येतेय," म्हणाले आणि परत आत गेले.

"आई, तूच विसरली असशील गं," मुलगा म्हणाला.

घ्या! ज्याच्यापायी मी बाहेर, तोच मला शिकवतोय!

"पण बाबा," सुनेने विचारलं, "हा तेव्हा आठ महिन्यांचा असेल ना? मग हा कुणाकडे होता?"

ह्यांनी उगाच काच खाली केली, पुन्हा वर केली.

"असेल बुवा हिच्याकडे," हे शेवटी म्हणाले. "पण हिला नाटकाची आवड नाहीच तशी. म्हणून तर आजची तीनच तिकिटं काढली. बाळ राहील हिच्याजवळ बाहेर."

"आवड आहे की नाही, ते एकदा बघितल्याशिवाय मला कळणार कसं?" मी एवढ्या जोरात ओरडले, की नातू रडतच उठला. "गाडी थांबव रे!"

मुलाने मुकाट्याने गाडी कडेला घेतली. मी उतरले, पुढचं दार उघडलं आणि रडतं पोर ह्यांच्या मांडीवर दिलं.

"मागे जाऊन बसा. आणि माझं तिकीट द्या."

ह्यांनी एका हाताने पोर सावरत खिशातून तिकिटं काढली. तिन्ही उलटसुलट करून बघितली.

"अगं, पण ह्यात तुझं कुठलं?"

"तुमचं," मी म्हणाले.